निक्को: शरदाबरोबर डोंगर उतरताना

जपानमध्ये वसंत दक्षिणेकडून उत्तरेला सरकतो आणि शरद उत्तरेकडून दक्षिणेला. मार्चमध्ये बातम्यांत साकुराचा, म्हणजे चेरीच्या बहराचा नकाशा रोज दाखवतात, तसाच ऑक्टोबर लागला की लाल पानांचा, म्हणजे कोयोचा. डोंगरात मात्र ऋतूची वाट वेगळी असते. तो माथ्यावर सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने पायथ्याला येतो. टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतातल्या निक्कोत हे फार स्वच्छ दिसतं. वरचं युमोतो जवळपास १,४८० मीटरवर, मधला चुझेंजी तलाव १,२६९ मीटरवर आणि खाली निक्को गाव साधारण ६०० मीटरवर. शंभर मीटर चढलं की तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्तच उतरतं. म्हणून युमोतोला ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रंग चढतो, तलावाकाठी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि गावात नोव्हेंबर उजाडल्यावर.

बहुतेक लोक आधी गावातलं तोशोगू देवस्थान बघतात, वेळ उरला तर धबधबा, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आमच्या जपानीच्या शिक्षिकेने, म्हणजे सेन्सेईंनी, बेत उलटा आखला: पहिल्याच दिवशी थेट वर जायचं आणि मग शरदाबरोबर खाली यायचं. ३ नोव्हेंबरला संस्कृतिदिनाची सुट्टी असते. १९४६ साली याच तारखेला जपानची नवी राज्यघटना जाहीर झाली. यंदा ती सोमवारी आली आणि शनिवार-रविवारला जोडून तीन दिवस मिळाले.

सोबत कोण होतं ते सांगते. मी टोकियोत राहते ते निशी-कासाईला. तिथे डाळ-तांदळापासून हिंगापर्यंत सगळं मिळतं, आणि मनात आणलं तर दिवसभर एकही जपानी शब्द न बोलता जगता येतं. तसं जगायचं नव्हतं, म्हणून रविवारच्या जपानी वर्गाला जाऊ लागले. निवृत्त मंडळी स्वयंसेवक म्हणून शिकवतात, फी अगदी नावापुरती. आमच्या सेन्सेई शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, चालायला माझ्यापेक्षा खमक्या. वर्गात नेपाळचे दाई, म्हणजे दादा, आहेत, चितवनकडचे, इथे एका हॉटेलात स्वयंपाकी. वृद्धाश्रमात काम करणारी व्हिएतनामची मुलगी आहे. ती मला तिच्या भाषेत ‘ची’ म्हणते, ताई. आणि तैवानहून वनस्पतिशास्त्राच्या संशोधनासाठी आलेला एक मुलगा. दाईंशी मी हिंदीत बोलू शकते, पण सगळ्यांना समजेल अशी भाषा एकच, मोडकीतोडकी जपानी. प्रवासभर तीच बोलायची असं निघण्यापूर्वीच ठरलं होतं.

पहिला दिवस: आसाकुसा ते युमोतो

टोकियोतल्या आसाकुसाहून सकाळची पहिल्या काहीतली तोबू रेल्वेची गाडी. आरक्षण महिन्याआधी सुरू होताच करून ठेवलं होतं. या सुट्टीत आयत्या वेळी जागा मिळणं कठीण. गाडीत मी दिवाळीच्या फराळाचा डबा उघडला. चकली सेन्सेईंना सर्वांत आवडली, व्हिएतनामच्या मैत्रिणीला शंकरपाळी. दाई चिवडा खाताना गप्प झाले. मग म्हणाले, तिहारला, म्हणजे नेपाळच्या दिवाळीला, बहिणीने व्हिडिओवरूनच टिका लावला. आमची भाऊबीज आणि त्यांचा भाइटिका एकाच दिवशी असतो हे वर्गात कधी बोलण्यात आलं नव्हतं. माझा भाऊही यंदा मोबाइलच्या पडद्यावरच होता. तेव्हापासून ते मला ‘बहिनी’ म्हणतात.

तोबू-निक्को स्टेशनबाहेर युमोतोच्या बसला मोठी रांग होती. एरवी दीड तासाच्या आत पोचवणारी बस त्या दिवशी गावातच अडकत अडकत निघाली, आणि पुढचा घाट तर जपानभर प्रसिद्ध आहे: इरोहाझाका. याचे दोन रस्ते आहेत, दोन्ही एकेरी. १९५४चा जुना रस्ता उतरणीचा, १९६५चा नवा चढणीचा. दोन्ही मिळून ४८ वळणं, आणि जपानीच्या जुन्या मुळाक्षरांच्या क्रमाने प्रत्येक वळणाला एकेक अक्षर दिलेलं. चढताना पहिली वीस लागतात. वळण आलं की पाटी दिसते आणि आम्ही सगळे मोठ्याने वाचतो: इ, रो, हा, नि, हो. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून पुढच्या बाकावरची दोन जपानी मुलंही सामील झाली. गर्दीमुळे बस चालत्या माणसाच्या वेगाने जात होती, त्यामुळे एकही अक्षर चुकलं नाही.

घाट अगदी भरात होता. खालच्या वळणांवर मेपल अजून केशरी-हिरवे, मधल्या वळणांवर पेटलेले लाल, आणि वरच्या वळणांशी पोचेपर्यंत निम्मी झाडं रिकामी. तासाभरात महिनाभराचा ऋतू डोळ्यांसमोरून गेला. तलाव मागे टाकून युमोतोला उतरलो तेव्हा झाडांवर पान नव्हतं, आणि समोरच्या डोंगराच्या माथ्यावर नवं बर्फ.

युमोतोत शिरण्याआधीच गंधकाचा वास येतो. गावामागे दलदलीचा एक तुकडा आहे. तिथे जमिनीतून उकळतं पाणी वर येतं आणि प्रत्येक झऱ्यावर लाकडी छपराची बुटकी खोपटी उभी केली आहे. तिथून नळांनी पाणी गावातल्या सगळ्या स्नानगृहांत जातं. आमच्या साध्या सरायतही तेच पाणी होतं.

इथल्या सार्वजनिक स्नानाबद्दल मराठी बायकांच्या मनात जो संकोच असतो तो माझ्याही मनात होता, आणि तो सांगायलाच हवा, कारण त्यापायी पुष्कळ जणी हा अनुभव घेतच नाहीत. बायकांचं स्नानगृह वेगळं असतं, अंगावर कपडा ठेवायचा नसतो. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, सगळा फेस धुऊन टाकायचा आणि मगच कुंडात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. कपडे काढायच्या खोलीत सेन्सेईंनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ही चांदी आहे का?’ माझी जोडवी. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून त्यांनी ती काढून रुमालात बांधून ठेवायला लावली. लग्नानंतर क्वचितच बोटांतून निघालेली जोडवी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी रुमालाला गाठ मारली आणि आपल्या पिशवीत, चष्म्याच्या डबीशेजारी ठेवली. आत गेल्यावर कोणी कोणाकडे पाहत नाही. गळ्यापर्यंत कढत, किंचित दुधाळ पाणी, उघड्या खिडकीतून येणारी शून्याजवळची हवा, आणि दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून-बसवून पाठ धरलेली माझी व्हिएतनामी मैत्रीण डोळे मिटून म्हणाली, ‘आता मला कोणी उठवू नका.’

जेवणाची अडचण शाकाहारी माणसाला इथे येतेच. भाज्यांच्या रश्शातही बहुतेक वेळा माशाचा अर्क, दाशी, असतो. सेन्सेईंनी आठवडाभर आधी फोन करून सांगून ठेवलं होतं, म्हणून मला शिताके अळंब्यांच्या पाण्यात शिजवलेलं युबा मिळालं. सोयाच्या दुधावर धरलेली साय उचलून करतात ते युबा, निक्कोची खासियत. इथल्या भिक्षूंच्या जेवणातून ते आलं आहे. चव सौम्य, जिभेवर मऊ. मला फार आवडलं.

दुसरा दिवस: युदाकी, सेंजोगाहारा, तलाव

सकाळी गवतावर पांढरं दहिवर पडलं होतं. युनोको तळ्याच्या काठाने चालत गेलो की तळ्याचं पाणी जिथे कड्यावरून सुटतं तिथे युदाकी. सुमारे ७० मीटर उंचीचा हा धबधबा तुटून पडत नाही, खडकावरून पसरत घसरत येतो. पायऱ्या त्याच्या कडेकडेनेच उतरतात, त्यामुळे पाणी सतत हाताच्या अंतरावर. खाली टपरीवर निखाऱ्याभोवती मासे काड्यांवर उभे लावून भाजत होते. दाईंनी स्वयंपाक्याच्या नजरेने आधी निखारे न्याहाळले, मग दोन मासे घेतले.

तिथून सेंजोगाहारा. १,४०० मीटर उंचीवरची ही पाणथळ जमीन. वनस्पतींचा न कुजलेला थर हजारो वर्षं साठत गेलेला, त्यावर पाय पडू नये म्हणून पूर्ण वाटेवर फळ्यांचा मार्ग. फळ्यांवर दहिवर गोठलेलं होतं, म्हणून जपून चालावं लागलं. अस्वलांच्या सूचना जागोजागी होत्या. सेन्सेईंच्या पिशवीला पितळी घंटा होती. ती वाजत राहिली की अस्वल आधीच बाजूला होतं. जुनी कथा अशी की नांताई डोंगराचा देव साप होऊन आणि आकागी डोंगराचा देव गोम होऊन चुझेंजी तलावासाठी इथे लढले. आज तिथे पिवळ्या-करड्या गवताचं सपाट मैदान आहे, मधून युकावा नदी, आणि मागे २,४८६ मीटरचा नांताई एकटा उभा.

इथे मला सर्वांत जास्त भावली ती कारामात्सुची, म्हणजे लार्चची झाडं. दिसायला सूचिपर्णी, पण हिवाळ्यापूर्वी सगळ्या सुया सोडून देतात. रंगाचा बहर सरत आला होता, तरी वारा आला की सोनेरी सुया उडत येत, केसांत, बाहीवर, डब्यातल्या भातात पडत. पूल ओलांडून बाकावर बसलो, ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणि उरलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणी लावलेली ओनिगिरी तैवानच्या मित्राने आणखी एकदा मागून घेतली.

त्याच्याकडून एक गोष्ट शिकले. रयुझू धबधब्याकडे उतरताना वाटेवर मेपलचं एक पान सापडलं. सगळं लाल, पण मधोमध दुसऱ्या पानाच्या टोकांचा ठसा, फिकट पिवळा-हिरवा. बोटांचे पाच टोकदार कोन, अगदी स्पष्ट. त्याने वही काढली आणि आमच्या तोकड्या जपानीला चित्रांची जोड देत समजावलं. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली झाकलेला. थंडीत हरितद्रव्य मोडलं की तो उघडा पडतो. लाल रंग मात्र पान शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतं. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरू लागतो, पानात तयार झालेली साखर अडकते, आणि त्या साखरेपासून उन्हाच्या मदतीने लाल रंग तयार होतो. या पानावर दुसरं पान पडून राहिलं होतं, तेवढ्या जागी ऊन लागलं नाही, म्हणून तिथे लाल आला नाही. लख्ख दिवस आणि गार रात्री असलेल्या वर्षी रंग का खुलतो आणि ढगाळ वर्षी का फिका राहतो, हे त्या एका पानात दिसत होतं. मैत्रिणीने ते पान तिच्या शब्दकोशात ठेवलं. रयुझूची स्वतःची झाडं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच रंगून गेलेली असतात, त्यामुळे तिथे फक्त पाणी बघितलं आणि बस धरली.

चुझेंजी तलाव नांताईच्या उद्रेकामुळे झाला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी लाव्हाने नदीची वाट अडवली आणि मागे पाणी साठलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मेजी काळापासून टोकियोतल्या परदेशी वकिलाती उन्हाळ्यात इथे येत. इटलीच्या राजदूतांचं १९२८ साली बांधलेलं घर आता सर्वांना बघता येतं. वास्तुरचना अँटोनिन रेमंड यांची. १९९७पर्यंत ते वापरात होतं. आतल्या भिंतींवर आणि छतावर देवदारासारख्या सुगी झाडाची साल वेगवेगळ्या नक्षीत लावली आहे. व्हरांड्यात खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत, समोर फक्त पाणी. आमच्याकडे तिथे बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि कोणाला ते खटकलंही नाही. ज्यांच्याबरोबर गप्प बसता येतं ती माणसं परक्या देशात मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तिथे बसल्या बसल्या मला ती मिळाल्याचं कळलं.

जवळच्या देवळात ताचिकी कान्नोन आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अकरा मुखांची, सहस्रभुज मूर्ती जमिनीत मुळं असलेल्या उभ्या झाडात कोरलेली, आणि ती आठव्या शतकात निक्को उभं करणाऱ्या शोदो भिक्षूंनी कोरली असं मानतात. १९०२ साली डोंगर खचून सगळं देऊळ तलावात गेलं आणि मूर्ती पाण्यावर तरंगत किनाऱ्याला लागली. नांताईवर स्त्रियांना १८७२पर्यंत बंदी होती, हे सेन्सेईंनी मूर्तीसमोरच सांगितलं. त्यांनी स्वतः तो डोंगर दोनदा चढला आहे, हेही.

तिसरा दिवस: केगोन, घाट, तोशोगू

केगोन धबधबा सकाळीच बघावा, ऊन समोरून येतं आणि गर्दी कमी असते. तलावाचं पाणी इथून ९७ मीटर खाली कोसळतं. खडकात खणलेली लिफ्ट शंभर मीटर उतरवते आणि बोगद्यातून बाहेर येताच धबधबा अंगावर येतो. मुख्य धारेपेक्षा मी जास्त वेळ बघत राहिले ते तिच्या दोन्ही बाजूंना. कड्याच्या मध्यावर, लाव्हाच्या थरांमधून, पाण्याच्या बारीक धारा आडव्या रांगेत फुटतात. तलाव काठावरून सांडतो तसा आतूनही झिरपतो, आणि ते तिथे उघड दिसतं.

उतरणीच्या रस्त्यावर उरलेली २८ अक्षरं. बसमध्ये आमचा वर्ग पुन्हा सुरू: ना, रा, मु, उ. मग दोन अक्षरं अशी आली की चौघांनाही वाचता आली नाहीत. आजच्या लिखाणातून ती गेली आहेत, पाठ्यपुस्तकात नाहीत. सेन्सेईंनी काचेवर आलेल्या वाफेत बोटाने काढून दाखवली. बाहेर जंगल खालच्या दिशेने लाल होत होतं. काल ज्या रंगांना निरोप दिला होता ते इथे पुन्हा भेटले, आणि निक्को गावात पोचलो तर शिंक्यो पुलापाशी मेपल नुकते कुठे पेटू लागले होते, अर्ध्या फांद्या हिरव्याच.

तोशोगू नोव्हेंबरपासून दुपारी चारला बंद होतं, हे लक्षात ठेवावं. जपानचा सत्ताधीश (शोगुन) झालेला तोकुगावा इएयासू १६१६ साली वारला, पुढच्या वर्षी इथे त्याचं देवस्थान झालं, आणि नातू इएमित्सूने १६३४ ते १६३६ या काळात आजचं रूप दिलं. जपानी देवळांच्या साधेपणाची सवय झालेल्या डोळ्यांना हे सोनं, हा रंग, हे कोरीवकाम एकदम वेगळं वाटतं. मला मात्र ओळखीचं वाटलं. दक्षिणेतली गोपुरं पाहिलेल्या कोणालाही वाटेल. गांधीजींची म्हणून आपण ओळखतो ती तीन माकडं पवित्र घोड्याच्या तबेल्यावर आहेत. ती एकटी नाहीत. आठ फलकांत माकडाचं पूर्ण आयुष्य कोरलं आहे, आणि डोळे-कान-तोंड झाकलेली ही तिघं त्यातली लहान मुलं आहेत: या वयात वाईट बघू नये, ऐकू नये, बोलू नये. मोठी माकडं पुढे प्रेमात पडतात, निराश होतात, त्यांना मित्र सावरतात. तो मित्रांचा फलक बघायला कोणी थांबत नव्हतं, आम्ही थांबलो.

आणि हत्ती. समोरच्या भांडारावर दोन हत्ती कोरले आहेत, चित्रकार कानो तान्यू यांच्या रेखाटनावरून. त्यांनी हत्ती कधी पाहिलाच नव्हता. कान वेगळेच, शेपटी भलतीच झुबकेदार, पण चेहऱ्यावर शहाणपण मात्र हत्तीचंच. चितवनला हत्ती बघत वाढलेले दाई मान वर करून कितीतरी वेळ उभे राहिले. ‘न पाहता इतका जवळ पोचला,’ असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरा आदर होता.

शेवटी नदीकाठच्या कान्मानगाफुचीला गेलो. इथे गर्दी नसते. नांताईच्या लाव्हातून कापत गेलेलं पाणी, आणि काठाने रांगेत बसलेले दगडी जिझो, म्हणजे मुलांना सांभाळणारे बोधिसत्त्व, लाल टोप्या आणि लाल लाळेरी घातलेले. जाताना आणि येताना मोजले तर संख्या वेगळी भरते म्हणतात. सत्तरच्या आसपास आहेत. आमचे चौघांचे चार वेगवेगळे आकडे आले आणि सेन्सेईंनी मोजायला नकार दिला.

स्टेशनसमोर तळलेले युबा मांजू घेतले, आत गोड सारण, वरून चिमूटभर मीठ, गरमच खायचे. गाडीत सेन्सेईंनी पुढच्या रविवारचा अभ्यास वाटला: प्रत्येकाने एका जागेवर जपानीत पानभर लिहायचं. तैवानच्या मित्राने सेंजोगाहारा घेतलं, दाईंनी हत्ती. मैत्रिणीने गंधकाचं स्नान मागितलं. ते मलाही हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिची कामाची पाळी होती आणि ती आत्ताच वहीत लिहायला लागली होती. मी इरोहाझाका घेतला. सेन्सेईंनी अट घातली की ती दोन जुनी अक्षरंही निबंधात आली पाहिजेत, आणि जोडव्यांचा रुमाल माझ्या हातात दिला.